संगणकाची यादी आणि हरभऱ्याची मुळे

हरभऱ्याचे महिना-सव्वा महिन्याचे रोप ओल्या जमिनीतून हलक्या हाताने, मुळे न तोडता उपटावे आणि माती धुऊन टाकावी. मुळांवर लहान लहान गाठी दिसतात. एखादी गाठ नखाने फोडली आणि ती आतून गुलाबी निघाली, तर तिच्यातील रायझोबियम जिवाणू हवेतला नायट्रोजन पकडून झाडाला देत आहेत असे समजावे. पेरणीपूर्वी गुळाच्या पाण्यात जिवाणूसंवर्धक कालवून बियाण्याला चोळतात, ते याच गाठींसाठी. एवढे आपल्या पाठ्यपुस्तकांत असते. सहसा नसतो तो पुढचा प्रश्न : गाठी किती असाव्यात हे कोण ठरवते?

झाडाच्या दृष्टीने हा हिशेबाचा प्रश्न आहे. जिवाणू फुकट राबत नाहीत. पानांत तयार झालेली साखर त्यांना पुरवावी लागते. गाठी कमी पडल्या तर नायट्रोजनची उपासमार होते, आणि फार झाल्या तर साखर मुळातच खर्ची पडून शेंगा भरायला पुरेशी उरत नाही. हा हिशेब राखणाऱ्या यंत्रणेत अवघ्या एकवीस-बावीस अक्षरांचे काही आरएनए तुकडे आहेत, हे गेल्या वीस वर्षांत कळत गेले. या तुकड्यांचा शोध आज मोठ्या प्रमाणावर संगणकाच्या साहाय्याने घेतला जातो. मला लिहायचे आहे ते त्या शोधाविषयी. संगणकातून यादी बाहेर पडली की शोध लागला, अशी समजूत आपल्या विद्यार्थ्यांत, आणि थोडीफार त्यांच्या शिक्षकांतही, मूळ धरू लागली आहे. ती मला धोक्याची वाटते.

प्रथम हे तुकडे म्हणजे काय ते पाहू. पेशीतील जनुकाची नक्कल संदेशवाहक आरएनएच्या रूपाने निघते आणि त्या संदेशावरून प्रथिन तयार होते, हे तुम्हांला ठाऊक आहे. १९९३ साली व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुव्हकुन या अमेरिकी शास्त्रज्ञांच्या गटांनी जेमतेम एक मिलिमीटर लांबीच्या एका सूत्रकृमीत एक विचित्र जनुक दाखवून दिले. त्यापासून प्रथिन तयारच होत नव्हते. तयार होत होता फक्त २२ अक्षरांचा आरएनए, आणि तो दुसऱ्या एका जनुकाच्या संदेशाला चिकटून त्याचे प्रथिन होऊ देत नव्हता. सात वर्षे लोकांनी ही त्या किड्याचीच एक लकब मानली. २००० साली असाच दुसरा तुकडा सापडला आणि तो माणसासकट अनेक प्राण्यांत असल्याचे दिसले, तेव्हा सगळ्यांचे डोळे उघडले. अँब्रोस आणि रुव्हकुन यांना २०२४ सालचे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले ते याच कामासाठी.

वनस्पतींची बाजूही मागे नव्हती. १९९९ साली इंग्लंडमध्ये हॅमिल्टन आणि बॉलकोम यांनी दाखवले की झाड जेव्हा एखादे जनुक किंवा विषाणू गप्प करते, तेव्हा त्याच्या पेशींत सुमारे २५ अक्षरांचे आरएनए तुकडे आढळतात. २००२ साली मोहरीच्या कुळातील अरॅबिडॉप्सिस या लहानशा रोपात, रोपाच्या स्वतःच्या जनुकांपासून तयार होणारे सूक्ष्म आरएनए सापडले. त्यांची घडण पाहण्यासारखी आहे. आधी एक लांब आरएनए तयार होतो. त्याचा एक भाग दुसऱ्या भागाला जुळत असल्यामुळे तो केसांच्या आकड्यासारखा दुमडतो. मग एक विकर त्या आकड्यातून साधारण २१ अक्षरांचा तुकडा कातरून काढते. हा तुकडा आर्गोनॉट नावाचे प्रथिन हातात धरते आणि त्याला जुळणारा संदेश शोधत फिरते. जुळणीचा नियम साधा आहे : ए समोर यू, आणि जी समोर सी. वनस्पतींत ही जुळणी बहुधा जवळजवळ पूर्ण असते आणि ती झाली की संदेश कापला जातो. काप नेमका कोठे बसतो? तुकड्याच्या सुरुवातीपासून मोजल्यास दहाव्या आणि अकराव्या अक्षरांच्या समोर. हे दहा-अकरा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता संगणकाकडे वळू. जुळणीचा नियम इतका ठराविक असल्यावर संगणकाला हे काम देण्याचा मोह कोणालाही होईल, आणि तो रास्तही आहे. मायकेल झुकर यांनी आरएनए कसा दुमडेल याचे गणित करणारी आज्ञावली १९८१ सालीच मांडली होती. पिकांच्या जनुकसंचांची अक्षरे वाचून झाल्यावर तर हातात कच्चा माल भरपूर आला. सोयाबीनचा जनुकसंच २०१० साली प्रसिद्ध झाला. तुरीच्या 'आशा' या वाणाचा आराखडा भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या शास्त्रज्ञांनी २०११ साली प्रसिद्ध केला आणि त्याच सुमारास हैदराबादजवळच्या पाटणचेरू येथील इक्रिसॅट संस्थेच्या पुढाकाराने झालेले तुरीचे कामही बाहेर आले. २०१३ साली हरभरा वाचून झाला : सुमारे ७४ कोटी अक्षरे आणि सुमारे २८ हजार जनुके. ही अक्षरे कोणालाही विनामूल्य मिळतात. त्यांतून आकड्यासारखे दुमडणारे भाग शोधावेत, इतर वनस्पतींतील माहीत असलेल्या सूक्ष्म आरएनएशी ताडून पाहावेत, मग त्यांना जुळणारे संदेश हुडकावेत आणि सारणी तयार करावी. एका साध्या संगणकावर हे काम थोड्या दिवसांत होते. मग ती सारणी छापली जाते, तिच्यावर पदव्याही मिळतात.

पण यादीतली किती नावे निव्वळ योगायोगाने आली असतील? हे आपण कागदावरच काढून पाहू. शाळेतल्या गणिताएवढेच गणित लागते.

२१ अक्षरांचा तुकडा, प्रत्येक जागी चारपैकी एक अक्षर. म्हणजे ४ चा २१ वा घात, सुमारे ४.४ लाख कोटी निरनिराळे तुकडे संभवतात. हरभऱ्याची २८ हजार जनुके आणि प्रत्येकाचा संदेश सोयीसाठी १,००० अक्षरांचा धरला, तर शोधायची जागा २.८ कोटी अक्षरांची झाली. एखादा विशिष्ट तुकडा तेथे योगायोगाने तंतोतंत जुळण्याची शक्यता दीड लाखांत एक इतकी क्षुल्लक आहे. येथपर्यंत निर्धास्त राहायला हरकत नाही.

मात्र निसर्गात जुळणी नेहमी तंतोतंत नसते, म्हणून शोधताना काही चुका माफ कराव्या लागतात. चार चुका माफ केल्या तर काय होते पाहा. २१ जागांपैकी ४ जागा ५,९८५ प्रकारांनी निवडता येतात आणि प्रत्येक जागी तीन निराळी अक्षरे बसू शकतात, म्हणजे ८१ पट : ४,८४,७८५. यात तीन, दोन, एक आणि शून्य चुकांचे प्रकार मिळवले की बेरीज ५,२२,६४९ होते. एका तुकड्याच्या जागी आता सव्वापाच लाख तुकडे 'चालतील' म्हणून उभे राहिले! २.८ कोटींना या संख्येने गुणून ४.४ लाख कोटींनी भागा. उत्तर तीनहून थोडे अधिक येते. म्हणजे ज्या तुकड्याचा हरभऱ्याशी काडीचाही संबंध नाही, त्यालाही हरभऱ्यात तीन 'लक्ष्ये' मिळतील. शंभर सूक्ष्म आरएनए घेऊन बसलात तर तीनशेहून अधिक जोड्या फुकटात पदरी पडतील आणि सारणी भरगच्च दिसेल.

तीनच चुका माफ केल्या तर शंभर तुकड्यांमागे अशा खोट्या जोड्या सुमारे २४ उरतात आणि दोनच केल्या तर एखादी. मग कडक नियम का लावू नये? कारण काही खऱ्या जोड्यांतही तीन-चार अक्षरे जुळत नाहीत. चाळणी बारीक केली तर दाणे अडकून राहतात, मोठी केली तर खडेही खाली येतात. शिवाय खऱ्या जनुकांतील अक्षरे फाशांसारखी पडलेली नसतात. काही क्रम पुन्हा पुन्हा येतात, त्यामुळे आपला हा हिशेब केवळ अदमासाचा आहे. म्हणून हिशेबापेक्षा चांगला एक उपाय आहे, आणि तो पहिल्याच दिवसापासून माहीत आहे.

२००२ साली अमेरिकेत ऱ्होड्स, बार्टेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अरॅबिडॉप्सिसच्या सूक्ष्म आरएनएंची लक्ष्ये प्रथम संगणकाने शोधली. त्यांनी खऱ्या तुकड्यांबरोबर अक्षरांची सरमिसळ केलेले बनावट तुकडेही शोधाला लावले. बनावट तुकड्यांना फारच थोड्या जोड्या मिळाल्या, खऱ्यांना पुष्कळ. मग जुळणीच्या त्या जागा भातातही टिकून आहेत का तेही पाहिले. १४ सूक्ष्म आरएनएंसाठी त्यांनी ४९ लक्ष्ये सांगितली आणि त्यांपैकी ३४ जनुके इतर जनुकांना चालू-बंद करणाऱ्या प्रथिनांच्या कुळांतली निघाली. ही यादी लहान होती, पण वजनदार होती. संगणकाचे काम कसे करावे याचा तो वस्तुपाठच होता. खेदाची गोष्ट अशी की पुढे आज्ञावल्या सोप्या झाल्या, एक कळ दाबली की उत्तर मिळू लागले, आणि बनावट तुकड्यांची ही पायरी अनेकांनी गाळून टाकली.

परिणाम व्हायचा तोच झाला. सूक्ष्म आरएनएंची नोंद ठेवणारे 'मिरबेस' नावाचे सार्वजनिक कोठार २००२ साली सुरू झाले. त्यातील वनस्पतींच्या नोंदींची २०१४ साली छाननी झाली, तेव्हा सुमारे एक-तृतीयांश नोंदींना आणि तुकड्यांच्या कुळांपैकी तीन-चतुर्थांशांना पुरेसा पुरावा नसल्याचे दिसले. कोणी लबाडी केली होती असे नव्हे. एकाने अंदाज नोंदवला, दुसऱ्याने तो खरा धरून आपल्या पिकात त्याचा भाऊबंद शोधला, तिसऱ्याने त्या दुसऱ्याचा दाखला दिला. उसन्या मापाने माप घेत गेले की असेच व्हायचे. नोंदीसाठी काय पुरावा हवा याचे नियम तज्ज्ञांनी २००८ साली घातले होते. २०१८ साली ते आणखी कडक करण्यात आले : तुकडा एकाहून अधिक स्वतंत्र नमुन्यांत प्रत्यक्ष आढळला पाहिजे, आणि आकडा कातरताना त्याच्या समोरच्या बाजूने सुटणारा जोडीदार तुकडाही दिसला पाहिजे.

लक्ष्य खरे की खोटे हे ठरवायलाही प्रत्यक्ष पुरावा असतो. येथे ते दहा-अकरा कामी येते. संदेश खरोखर कापला जात असेल, तर त्याचा मागचा तुकडा त्या ठराविक अक्षरापासून सुरू झालेला पेशीत सापडला पाहिजे. असे कापलेले तुकडे सरसकट वाचण्याची पद्धत २००८ पासून उपलब्ध आहे. दुसरीकडे कोठे काप सापडला, किंवा सापडलाच नाही, तर ती जोडी बाद करावी. मग ती सारणीत कितीही शोभून दिसत असो.

प्रयोगापर्यंत गेलेल्या कामाला कशी फळे आली हे कडधान्यांच्या कुळातच पाहता येते. लोटस नावाची एक लहान वनस्पती जपानात रानोमाळ उगवते आणि या कुळातले नमुना-रोप म्हणून अभ्यासली जाते. तिच्यातील २१११ क्रमांकाच्या सूक्ष्म आरएनएविषयी २०१८ साली एक सुंदर शोध प्रसिद्ध झाला. हा तुकडा पानांकडे तयार होतो, खाली मुळांत उतरतो आणि गाठींना आवर घालणाऱ्या एका जनुकाचा संदेश कापतो. म्हणजे मुळांना 'जिवाणू येऊ द्या' अशी मोकळीक वरून मिळते. गाठी धरू लागल्या की मुळे वर निरोप पाठवतात, वरून येणारा तुकडा कमी होतो आणि गाठींना लगाम बसतो. त्या लगामाच्या जनुकाचे नाव शास्त्रज्ञांनी 'फाजील प्रेम' अशा अर्थाचे ठेवले आहे, कारण ते बिघडले की झाड जिवाणूंवर नको इतका जीव लावते! वरून खाली काय जाते हे सिद्ध करायला एका रोपाचा शेंडा दुसऱ्याच्या मुळावर बांधून कलमे करावी लागली. तुकडा पानांपासून मुळांकडे चालत जातो, हे अक्षरांच्या नुसत्या जुळणीतून कधीच कळले नसते.

आपल्या लसूणघासाची भावकी असलेल्या मेडिकॅगो या रोपात २०११ साली आणखी एक गोष्ट दिसली. २२ अक्षरांचे काही तुकडे रोगप्रतिकारक जनुकांच्या एका मोठ्या कुळाचे संदेश कापतात. मित्र-जिवाणूंना आत घेण्यासाठी हा पहारा सैल ठेवला जात असावा, असा एक तर्क आहे. आपल्याकडे मर रोगाने हरभरा आणि तूर शेतात उभी वाळते. कोणते प्रतिकारक जनुक केव्हा गप्प असते, हे त्या शेतकऱ्याच्या दृष्टीने पुस्तकी कुतूहल नाही. यादीत चुकीचे नाव असेल तर त्यापायी पैदासकाराचे काही हंगाम वाया जातील, आणि एका हंगामाला एक वर्ष लागते.

याउलट दिशेचे एक उदाहरण मला अधिकच बोलके वाटते. सूक्ष्म आरएनए शोधताना नेहमीच्या पद्धतीत पहिल्याच चाळणीत काही तुकडे कचरा म्हणून टाकले जातात. वाहक आरएनए, म्हणजे प्रथिने बांधताना अमिनो आम्ले वाहून आणणारा आरएनए, याचे तुकडे त्यांत येतात. ते मोडतोडीचे अवशेष आहेत असे गृहीत धरलेले असते. २०१९ साली सोयाबीनवर काम करणाऱ्या एका गटाने हा कचरा उघडून पाहिला. त्यात जिवाणूंच्या वाहक आरएनएचे तीन तुकडे असे निघाले की ते सोयाबीनच्याच आर्गोनॉट प्रथिनावर स्वार होऊन सोयाबीनची गाठींना विरोध करणारी जनुके गप्प करतात. जिवाणूने यजमानाच्याच कात्रीने यजमानाचे दोर कापावेत, असा हा प्रकार! संगणकाने काय फेकून द्यावे हे संगणक ठरवत नाही, आपण ठरवतो. म्हणून आज्ञावली वापरणाऱ्याने तिच्या चाळण्या कोणत्या आहेत हे वाचलेच पाहिजे.

माझ्या म्हणण्यावर एक आक्षेप येईल, आणि तो खोटा नाही. प्रयोग महाग असतात. तूर प्रयोगशाळेतील जनुकबदलाला सहज दाद देत नाही. मोठी यंत्रे थोड्याच संस्थांत आहेत, तर संगणक आता तालुक्याच्या गावीही आहे. मग आमच्या मुलांनी हातातले काम सोडून द्यावे काय? मुळीच नाही. उलट मला वाटते की कडधान्यांचा हा अभ्यास शाळेपासूनच सुरू व्हावा. प्रयोगांची गर्दी सोयाबीन, मेडिकॅगो आणि लोटस यांच्याभोवती आहे. मटकी, कुळीथ, उडीद, तूर यांच्याकडे लक्ष द्यायला आपल्याइतके कारण दुसऱ्या कोणाला असणार? माझे म्हणणे एवढेच की यादी करणाऱ्याने तिच्यातील खोट्या नावांचा अंदाजही स्वतःच काढून द्यावा. त्याला खर्च येत नाही.

हे वर्गात करून पाहता येते. १६६ क्रमांकाचा सूक्ष्म आरएनए घ्या. तो अरॅबिडॉप्सिस, भात आणि सोयाबीन अशा एकमेकांपासून दूरच्या झाडांत अक्षरशः सारखा आहे : यू सी जी जी ए, सी सी ए जी जी, सी यू यू सी ए, यू यू सी सी सी, सी. (२००८ साली मेडिकॅगोच्या मुळांत तो वाजवीपेक्षा जास्त तयार होऊ दिला, तेव्हा गाठी आणि उपमुळे दोन्ही कमी झाली.) यात ९ सी, ५ यू, ४ जी आणि ३ ए आहेत. पुठ्ठ्याचे एकवीस चौकोन करून त्यांवर ही अक्षरे लिहावीत, पिशवीत हलवावीत आणि एकेक काढून बनावट क्रम तयार करावा. असे दहा क्रम करावेत. मग शिक्षकांनी सार्वजनिक कोठारातून हरभऱ्याचे वा तुरीचे काही संदेश उतरवून द्यावेत. जेथे संगणक आहे तेथे संगणकाने, नसेल तेथे एकेका संदेशाची छापील पट्टी वाटून हाताने, खऱ्या क्रमाला आणि दहाही बनावट क्रमांना चार चुकांपर्यंत किती ठिकाणी जुळणी मिळते ते मोजावे. हाताने मोजताना कंटाळा येतो हे मान्य, पण आज्ञावलीच्या आत काय चालते ते त्या कंटाळ्यातच नीट समजते.

विज्ञान प्रदर्शनांच्या परीक्षकांनाही एक विनंती आहे. संगणकाने शोधलेल्या जनुकांचा किंवा आरएनएंचा तक्ता समोर आला तर त्यात किती नावे आहेत हे विचारू नका, कोणता रकाना नाही ते पाहा. पहिल्या रकान्यात खऱ्या तुकड्याच्या जुळण्या, दुसऱ्यात बनावट तुकड्यांच्या सरासरी जुळण्या आणि तिसऱ्यात प्रत्यक्ष रोपात काय आढळले ते. शाळेच्या तक्त्यात तिसरा रकाना कोरा असला तरी चालेल, पण तो आखलेला असावा.